फ्लेक्सवर न छापलेली फी : सांगली जिल्ह्यातल्या छोट्या खासगी कॉलेजांच्या प्रवेशसेवेचं परीक्षण

जून उजाडला की सांगली, मिरज, तासगाव, विट्याच्या एसटी स्टँडबाहेर प्रवेशाचे फ्लेक्स लागतात. त्यावर इमारतीचा फोटो असतो, शंभर टक्के प्लेसमेंट असते, संस्थापकांचं नाव असतं. फी नसते. हे परीक्षण त्या फ्लेक्सच्या मागे असलेल्या खिडकीचं आहे. शाखेला साठ जागा आणि अशा दोन-चार शाखा असलेल्या छोट्या विनाअनुदानित इंजिनीअरिंग, पॉलिटेक्निक आणि फार्मसी कॉलेजात प्रवेश घेताना पालकाला काय सेवा मिळते, एकूण किती पैसे जातात आणि घोडं कुठे अडतं, हे यात पाहिलं आहे. कोणत्याही एका कॉलेजचं नाव घेतलेलं नाही, कारण ही सेवा खिडकीत बसलेल्या माणसागणिक बदलते आणि तो माणूस दर दोन वर्षांनी बदलतो.

निकाल आधीच सांगतो. अर्ज भरण्यातली मदत आणि बोलण्यातली आपुलकी यांना पाचपैकी चार. शिष्यवृत्तीच्या कामाला तीन. पैशांच्या हिशेबाला दोन. आणि पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: चार वर्षांचा खर्च कॉलेजच्या फीवर जितका अवलंबून असतो, त्याहून जास्त तो जागा कोणत्या वाटेने मिळाली यावर अवलंबून असतो.

या कॉलेजांकडे कोण वळतं हे सांगायला नको. सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासूनचं. दोन्हींचे कटऑफ मधल्या फळीतल्या मुलांच्या हाताला लागत नाहीत. पुण्याला पाठवायचं तर खोली आणि मेसचा खर्चच फीच्या बरोबरीला येतो. मग घरापासून एका एसटीच्या अंतरावर असलेलं कॉलेज बरं वाटतं, आणि तसं वाटण्यात चूक काही नाही. छोट्या वर्गात शिक्षक मुलाला नावानं ओळखतात, दोन दिवस गैरहजर राहिला तर घरी फोन येतो. ही जमेची बाजू खरी आहे.

चौकशीला गेल्यावर पाणी विचारतात, चहा येतो. “काय काळजी करू नगा, आमी हाय की,” असं सांगून एक शिक्षक तुमच्यासोबत दिला जातो. तो लॅब दाखवतो, ग्रंथालय दाखवतो. त्याच वेळी त्याच्याकडे चार गोष्टी मागा. चालू शैक्षणिक वर्षाचं मान्यतापत्र (इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निकला एआयसीटीईचं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं, फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचं), विद्यापीठाचं संलग्नीकरण, शुल्क नियामक प्राधिकरणाचा फीचा आदेश, आणि मागच्या वर्षी त्या शाखेत प्रत्यक्ष किती प्रवेश झाले तो आकडा. पहिले तीन कागद फाईलमध्ये तयार असतात. चौथ्या प्रश्नाला किती वेळ लागतो ते बघा. साठ जागांच्या शाखेत पंधरा-वीस मुलं असतील तर ती शाखा पुढे चालू राहील का, हा प्रश्न रास्त आहे. शाखा टप्प्याटप्प्याने बंद करताना आत असलेल्या मुलांना शिक्षण पूर्ण करू दिलं जातं, पण शिक्षक गळत जातात आणि ऐच्छिक विषयांना पर्याय उरत नाही.

संलग्नीकरणाचंही नीट विचारून घ्या. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. पण या भागातली काही तंत्रशिक्षणाची कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत, काही स्वायत्त आहेत. परीक्षेचं वेळापत्रक, पुनर्मूल्यांकन, बॅकलॉगचे नियम हे सगळं त्यावर ठरतं. पॉलिटेक्निक आणि डी. फार्म.ची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेतं.

ऑप्शन फॉर्म कोण भरतो?

ही सेवा फुकट मिळते आणि सगळ्यात महाग पडू शकते. बहुतेक छोटी कॉलेजं कॅपचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा अर्ज, कागदपत्रं अपलोड करणं, कॉलेजांचा पसंतीक्रम लिहायचा ऑप्शन फॉर्म हे सारं विनामूल्य करून देतात. खेड्यातून आलेल्या पालकाला ही मदत मोलाची असते. कागद व्यवस्थित स्कॅन होतात, ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीत त्रुटी निघाली तर त्याच दिवशी दुरुस्त होते. नेट कॅफेत जाऊन केलेल्या अर्जापेक्षा इथला अर्ज बिनचूक असतो.

अडचण पसंतीक्रमाची आहे. इंजिनीअरिंगच्या २०२५-२६ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या आणि जागा आपोआप गोठण्याचा नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती जागा स्वीकारावीच लागते. नाही स्वीकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून मुलगा बाहेर. आता फॉर्म भरून देणाऱ्या कॉलेजने आपलाच कोड एक नंबरला टाकला, तर काय होईल? जिथे जागा रिकाम्याच राहतात तिथे पहिल्या फेरीत नंबर लागणार हे ठरलेलं. मुलाला ९० पर्सेंटाइल असोत की ६०, तो तिथेच अडकला.

म्हणून मदत घ्यावी, पण पासवर्ड स्वतःकडे ठेवावा. नोंदणीला मोबाईल नंबर घरातला द्यावा, कॉलेजच्या माणसाचा नव्हे. ऑप्शन फॉर्म भरायला बसण्याआधी मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या ही प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून काढून घरी वहीत क्रम लिहून न्यावा. पहिल्या सहा जागा अशाच असाव्यात की मिळाल्या तर आनंदाने जाल. घराजवळचं छोटं कॉलेज त्यांच्या खाली, पण यादीत नक्की असावं. फॉर्म कन्फर्म झाल्यावर त्याची प्रिंट मागून घ्यावी आणि प्रत्येक कोड वाचावा. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागेचा कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी ‘टी’ येतो. तो वेगळा भरल्याशिवाय त्या जागेचा विचार होत नाही. मंजूर जागांच्या ५ टक्के, म्हणजे साठला तीन, अशा या जागा जादा असतात. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं पाहिजे आणि एकदा घेतल्यावर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. घरात पैशांची ओढाताण असेल तर घराजवळच्या कॉलेजचा ‘टी’ कोड त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर ठेवायचा. पुष्कळ फॉर्ममध्ये तो भरलेलाच नसतो, कारण त्या जागेवर कॉलेजला शिक्षण शुल्क मिळत नाही.

फीचा खरा आकडा

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी संस्थाचालक स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाहीत. २०१५ च्या कायद्याने त्यासाठी शुल्क नियामक प्राधिकरण आहे. प्रवेश नियमात झाले की नाही हे प्रवेश नियामक प्राधिकरण तपासतं. फीचा आदेश कॉलेजनिहाय आणि अभ्यासक्रमनिहाय असतो, त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन आकडे असतात, आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. खिडकीवर सांगितलेला आकडा आणि तो आकडा जुळला पाहिजे. न जुळल्यास वरची रक्कम कशाची, हे विचारायचा पालकाला पूर्ण हक्क आहे.

वरच्या रकमेत काही गोष्टी रास्त असतात: विद्यापीठाची पात्रता फी, नोंदणी, परीक्षा फी, परत मिळणारी अनामत. बस आणि वसतिगृह ज्याला हवं त्याने घ्यायचं. पण ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, इंटरनेट, ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘प्लेसमेंट ट्रेनिंग’ अशी नावं घालून पाच-दहा हजार जोडले जातात, तिथे थांबायचं. कायद्यातल्या ‘शुल्क’ या शब्दात शिक्षण शुल्क, विकास शुल्क आणि बाकीचं सगळं शुल्क येतं. प्रयोगशाळेशिवाय इंजिनीअरिंग शिकवता येत नाही, तेव्हा तिचे वेगळे पैसे मागायला आधार काय, हा साधा प्रश्न आहे. बहुतेक वेळा तो लेखी विचारला की ती ओळ पावतीतून गळते.

आता जागेच्या वाटेने किती फरक पडतो ते आकड्यांत मांडू. हिशेबापुरतं धरा की आदेशात शिक्षण शुल्क ७२,००० आणि विकास शुल्क ८,००० आहे, एकूण ८०,००० रुपये वर्षाला.

खुल्या प्रवर्गातला मुलगा, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, कॅपमधून प्रवेश. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भाग सरकार देतं. त्याला पडतात ३६,००० अधिक ८,०००, म्हणजे ४४,०००. तितक्याच उत्पन्नाच्या घरातली मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा ओबीसी असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तिला विकास शुल्काचे ८,००० आणि किरकोळ खर्च. टीएफडब्ल्यूएसच्या मुलालाही जवळपास तेवढेच, फक्त परीक्षा फी त्याची त्याने भरायची. आणि संस्थास्तरावरच्या जागेवर, म्हणजे बोलीभाषेतल्या मॅनेजमेंट कोट्यात गेलेल्या मुलाला, उत्पन्न कितीही कमी असलं तरी, या योजना नाहीत. त्याला पूर्ण ८०,०००. चार वर्षांत मुलाच्या बाबतीत १,४४,००० चा फरक, मुलीच्या बाबतीत २,८८,००० चा.

हे गणित समजलं की जूनमधला एक फोन ओळखू येतो: “कॅपच्या भानगडीत कशाला पडता, थेट या, तुमच्यासाठी पाच हजार कमी करतो.” पाच हजार वाचवायला गेलेला पालक लाखाला मुकतो. असा सल्ला देणाऱ्या खिडकीला या परीक्षणात शून्य गुण आहेत, तिथला चहा कितीही चांगला असो.

शासन निर्णयातली आणखी एक मेख. मोफत शिक्षणाचा लाभ खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना लागू नाही. कालपर्यंतचं कॉलेज आज विद्यापीठ झालं असेल, तर पाटी बदलण्याबरोबर सवलतही गेलेली असते. आणि खुल्या प्रवर्गातल्या मुलीनं ईडब्ल्यूएसचा दाखलाच काढला नाही, तर उत्पन्न कमी असूनही ती पूर्ण माफीत न बसता निम्म्या माफीत राहते. हा दाखला तहसीलदारांकडून, राज्याच्या नमुन्यातला लागतो. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी काढलेला वेगळा नमुना इथे उपयोगाचा नाही.

‘बुकिंग’

बारावीचा निकाल लागला की दहा-वीस हजार भरून जागा ‘धरून ठेवायला’ सांगतात. बुकिंग नावाची कोणतीही पायरी प्रवेशाच्या नियमांत नाही. कॅपच्या जागा सीईटी सेल वाटतो. संस्थास्तरावरच्या जागांसाठीही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते. बुकिंगच्या रकमेची पावती बहुधा ट्रस्टच्या नावाने ‘देणगी’ म्हणून मिळते किंवा साध्या कागदावर मिळते. देणगी म्हणून दिलेले पैसे फी म्हणून परत मागता येत नाहीत, इथेच सगळी मेख आहे. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण कागदावर ‘स्वेच्छेने’ लिहिलेलं असतं.

फार्मसीला हा प्रकार जास्त चालतो आणि त्याला कारण आहे. कौन्सिलच्या मान्यता उशिरा येतात, त्यामुळे बी. फार्म.च्या कॅप फेऱ्या अलीकडे पावसाळा उलटून गेल्यावरही रेंगाळतात. इंजिनीअरिंगचे वर्ग सुरू झालेले, शेजारचा मुलगा कॉलेजला जायला लागलेला, आणि आपली मुलगी घरीच. त्या धास्तीत पालक पैसे देऊन मोकळे होतात. धीर धरणं हाच इथला उपाय. सीईटी किंवा नीटचा स्कोअर हातात असेल आणि बारावीला भौतिक, रसायन आणि गणित किंवा जीवशास्त्रात मिळून ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) असतील, तर छोट्या कॉलेजात कॅपमधून जागा मिळायला सहसा अडचण येत नाही. डी. फार्म.ला तर सीईटीच लागत नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते.

दाखले

या बाबतीत छोट्या कॉलेजांची सेवा खरंच चांगली आहे. खिडकीवरचा क्लार्क कागद बघून लगेच सांगतो की काय कमी आहे. तरी तीन ठिकाणी दरवर्षी मुलं अडकतात.

नॉन-क्रिमीलेअरचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. दहावीला काढलेलं तेच जोडलं की त्रुटी निघते. सेतूत जुलैमध्ये रांग असते, म्हणून हा दाखला एप्रिल-मेमध्ये काढावा. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो आणि तलाठी पावसाळ्यात पंचनाम्यांत गुंतलेले असतात. कृष्णाकाठाला हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की तलाठी, तहसील, सगळी यंत्रणा पुराच्या मागे लागते, आणि कॅपच्या फेऱ्याही नेमक्या जुलै-ऑगस्टमध्येच येतात. मूळ कागदांचे रंगीत स्कॅन मोबाईलबरोबर ईमेलवरही ठेवावेत.

जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला तपासून समितीने दिलेलं प्रमाणपत्र, हे तिसरं आणि सगळ्यात मोठं. समितीकडे अर्ज केल्याची पावती सुरुवातीला चालवून घेतात, पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा जाते आणि मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. अर्ज अकरावी-बारावीतच, कॉलेजच्या पत्रासह करायचा. वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४, जुनी खरेदीखतं यांतून ते मिळतात. चुलत्याची किंवा चुलत भावाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत सगळ्यात आधी जोडावी, काम निम्म्याहून हलकं होतं. सांगलीत आणि साताऱ्यात दोन्हीकडे जिल्हा समित्या आहेत.

शिष्यवृत्तीचं टेबल

छोट्या कॉलेजात शिष्यवृत्तीला एकच माणूस असतो आणि तोच परीक्षा विभागही बघतो. मोठ्या कॉलेजात वेगळा विभाग असतो, इथे नाही. म्हणून तीन गुण.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर विद्यार्थी अर्ज भरतो. तो कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. तंत्रशिक्षणाच्या योजनांना पुण्याचं विभागीय कार्यालय, अनुसूचित जातीच्या योजनांना सांगलीचं समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालय. अडतो तो बहुधा पहिल्या दोन टप्प्यांत. कॉलेजने पोर्टलवर त्या वर्षाची फी भरलेली नसते किंवा मागच्या वर्षीचीच ठेवलेली असते, मग मंजूर रक्कम कमी येते. प्रवेशाचा प्रकार ‘कॅप’ ऐवजी दुसरा निवडला जातो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला जातो आणि तो परत आला आहे हे मुलाला दोन महिने कळत नाही, कारण एसएमएस बंद झालेल्या नंबरवर गेलेला असतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघणं, एवढं एक केलं तरी अर्धी कामं मार्गी लागतात.

बँक खात्याची गफलत वेगळी आहे. पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत. ते आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, शेवटचं जोडलेल्या खात्यावर जातात. शाळेत असताना उघडलेलं एखादं झीरो बॅलन्स खातं तिथे जोडलेलं असेल आणि ते निष्क्रिय झालं असेल, तर रक्कम परत फिरते. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार कुठल्या बँकेला जोडलेलं आहे ते दिसतं. नसेल तर बँकेत जाऊन अर्ज द्यायचा. आपल्या भागात अनेकांची खाती पतसंस्थेत असतात. या कामाला राष्ट्रीयीकृत बँकेचं किंवा पोस्ट पेमेंट बँकेचं खातं काढलेलं बरं.

शाहू महाराज योजनेत एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. थोरल्या दोघांनी घेतला असेल तर तिसऱ्याचं गणित पूर्ण फीचं धरा. नापास होऊन तेच वर्ष पुन्हा केलं तर त्या वर्षाची सवलत जाते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. घरात अडचण असते, ते पैसे खर्च होतात आणि मग परीक्षेच्या अर्जाला अडवणूक होते. यात कॉलेजची चूक नाही, पण आधी समजावून सांगितलं असतं तर हे टळलं असतं, आणि ते काम याच टेबलाचं आहे.

सवलतीच्या मुलांकडून ‘शिष्यवृत्ती येईपर्यंत’ पूर्ण फी भरून घेणं किंवा कोरा धनादेश ठेवून घेणं हे मात्र सरळ चूक. मुलींच्या मोफत योजनेत माफ असलेली फी प्रवेशावेळी मागायचीच नाही, असं सरकारचं सांगणं आहे. हमीपत्र मागितलं तर द्या, पण त्यात ‘शासनाने रक्कम न दिल्यास’ असं मोघम वाक्य असेल तर ‘माझ्या अर्जातील त्रुटीमुळे’ एवढी दुरुस्ती करून मगच सही करा.

हप्ते, बस, खोली

हप्ते देण्यात ही कॉलेजं उदार आहेत, याचं कौतुक केलं पाहिजे. ऊस कारखान्याला जातो तो दिवाळीच्या आसपासपासून, द्राक्षं जानेवारीनंतर, हळद त्याच्याही पुढे. जुलैत शेतकऱ्याच्या हातात काही नसतं, आणि इथला क्लार्क शेतकऱ्याचाच मुलगा असल्यामुळे त्याला हे सांगावं लागत नाही. मात्र हप्त्यांच्या तारखा तोंडी ठरतात आणि परीक्षेचा अर्ज नेमका ऑक्टोबरात येतो. ‘बाकी पूर्ण करा, मग अर्ज’ असं तेव्हा ऐकावं लागू नये म्हणून तारखा आणि रकमा प्रवेशाच्या दिवशीच लिहून, शिक्का मारून घ्याव्यात. पूर्ण अभ्यासक्रमाची फी आगाऊ कुणीही मागू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

कॉलेजची बस सोयीची, पण पैसे वर्षाचे आणि मध्येच सोडली तर परत नाहीत. एसटीच्या विद्यार्थी पासला भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. गाडी वेळेला असेल तर एसटीच घ्या.

प्रवेश रद्द करताना

छोट्या कॉलेजांचा सगळ्यात कमकुवत भाग हा. नियम असा: वेळापत्रकात दिलेल्या शेवटच्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला, तर १,००० रुपयांपर्यंत प्रक्रिया शुल्क कापून बाकी सगळी फी परत. तारखेनंतर फक्त अनामत. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. प्रत्यक्षात ‘प्राचार्य बाहेरगावी आहेत’, ‘अकाउंटंट सोमवारी येईल’ असं करत तारीख निघून जाते. ती निघून जाणं हाच कित्येकदा त्यातला हेतू असतो.

पायऱ्या अशा. आधी स्वतःच्या कॅप लॉगिनमधून प्रवेश रद्द करण्याची विनंती टाकायची, तिच्यावर तारीख आणि वेळ नोंदली जाते. तिची प्रिंट सही करून कॉलेजच्या आवक विभागात द्यायची आणि झेरॉक्सवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्यायची. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी पोस्टातून पोचपावतीसह स्पीड पोस्ट करायचं आणि कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवायचं. फी रोखीने भरलेली असेल तर परतावा मागणं कठीण जातं, म्हणून मुळातच फी ऑनलाइन किंवा डीडीने, कॉलेजच्या नावानेच भरावी. ट्रस्टच्या किंवा एखाद्या व्यक्तीच्या नावाने, किंवा खिडकीवर चिकटवलेल्या खासगी क्यूआर कोडवर भरू नये. कागदपत्रं जमा करताना मूळ प्रतींची यादी करून तिच्यावर पोच घ्यावी.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज, आणि तिथे दाद लागली नाही तर जास्तीच्या फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरण, प्रवेशाच्या गैरप्रकारासाठी प्रवेश नियामक प्राधिकरण. तक्रारीला फीची पावती, प्राधिकरणाचा फीचा आदेश आणि आवक क्रमांकाची झेरॉक्स हे तीन कागद जोडायचे. रद्द करायचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी न देता दोन दिवस आधी, सकाळी अकराच्या आत खिडकीवर द्यायचा, म्हणजे सही करणारा माणूस जागेवर सापडतो.